सत्तेचाळीस नंबरचं रक्त आणि एकविसावा प्रश्न

वरची वाडी, ता. पोलादपूर
शनिवार, ३ मे २०२५

तीर्थस्वरूप आनंदीआत्या,

मुरारीचा आणि सारिकाचा तुझ्या दोन्ही पायांना हात लावून नमस्कार. (उजव्या पायाला जरा हलकेच, कारण गुडघ्याचं तुझ्या सुनीलकडून कळलं.) साखर आता किती आहे? संध्याकाळचं चालणं चालू आहे, की उन्हाचं निमित्त करून तेही सोडलंस? इथे सगळे खुशाल आहेत. पाकीट पाहून दचकू नकोस, वाडीत कोणी गेलेलं नाही. फोन न करता पत्र लिहितोय याचं कारण, तुझा फोन सुनील स्पीकरवर ठेवतो. मग मी तुझ्याशी बोलतो आणि उत्तरं तुझी नात श्रुतिका देते. ती चांगली पोरगी आहे, माझी तक्रार नाही. पण या वेळचं बोलणं तुझ्या-माझ्यातलं आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावून स्वतः वाच. सुनीलकडून वाचून घेऊ नकोस, तो मजकूर गाळतो. (बाबांच्या वर्षश्राद्धाच्या वेळी लिहिलेल्या पत्रातले तीन परिच्छेद त्याने गाळले होते, हे मला नंतर तुझ्याच बोलण्यावरून कळलं.)

आधी त्या फोटोबद्दल. शिमग्याच्या आठ दिवस आधी सुनीलने तुला मोबाइलवर जो फोटो दाखवला, आपल्या घळीच्या वाटेवर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातला, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना जाड चष्मा लावलेला माणूस, तो मी होतो. कोरोना परत आलेला नव्हता. त्या फोटोमुळे मुंबईची तीन घरं पालखीला आली नाहीत आणि त्यांत तू एक होतीस, हे मला लागून राहिलं आहे. खुलासा तेव्हाच करायला हवा होता. केला नाही, कारण तेव्हा मला या गोष्टीतली स्वतःची बाजू नीट समजली नव्हती. अजूनही पूर्ण समजली आहे असं म्हणवत नाही, पण आता पंधरा तारखेच्या आत समजून घ्यावीच लागेल. सरळ सांगतो. माझं रक्त पुण्याच्या एका प्रयोगशाळेत फ्रीजरमध्ये ठेवलं आहे, त्यावर सत्तेचाळीस नंबर आहे, आणि माझ्या एका उत्तरावाचून ते अडून बसलं आहे. पंधरा मेला त्यांच्या समितीची बैठक आहे. तोवर उत्तर पोचलं नाही तर सत्तेचाळीस नंबर बाजूला काढून ठेवतील.

सुरुवात जानेवारीत झाली. आमच्या महाडच्या कॉलेजात एक बाई आल्या, डॉ. आम्रपाली हाटे. वय माझ्याएवढंच, पायांत कॅनव्हासचे बूट, पाठीवर स्वतःचंच ओझं. वाघळांच्या अंगात कोरोनाच्या जातीचे कोणकोणते विषाणू राहतात, त्यांतले उद्या माणसाकडे येऊ शकतील असे कोणते, आणि ते यायच्या आधी त्यांच्यावरचं औषध तयार करून ठेवता येईल का, यावर त्यांचं काम चालतं. पोलादपूरच्या डोंगरातल्या घळी बघायच्या होत्या, म्हणून त्यांना इकडचा माणूस हवा होता. प्राचार्यांनी ग्रंथालयाकडे बोट दाखवलं. (ग्रंथालयात दुसरा सहायक नाही, त्यामुळे या निवडीत माझी काही लायकी दिसून आली असं मी समजत नाही.) दोन दिवसांत माझ्या गळ्यात 'स्थानिक समन्वयक' असं कार्ड आलं. सारिका ते कार्ड बघून म्हणाली, "घरातला समन्वय कोण करणार ते पण लिहून घ्या."

समन्वयकाचं पहिलं काम गावकी जमवायचं. तुला माहीत आहे, आपल्या गावकीत वाडीतले अठरा आणि मुंबई मंडळाचे फोनवर सहा, असं मिळून एकमत व्हावं लागतं, आणि फोनवरच्या सहांना रेंज असेपर्यंतच ते टिकतं. बाईंना मी म्हणालो, तुम्ही बसा, मी बोलतो. मी चार पानं टिपण काढलं होतं. पहिलंच पान संपायच्या आत येसूबाईने (खालच्या आळीची, मागच्या वर्षी तिच्या सुनेच्या डोहाळजेवणात तू जिच्याशी भांडलीस ती) मला खाली बसवलं. "तू बस रे मुरारी. तुझं 'असंही असू शकेल, तसंही असू शकेल' ऐकत बसलो तर भात लावायची वेळ येईल. बाई, तुमी सांगा. वाघळं मारनार हाव का?" बाई म्हणाल्या, नाही, धरणार, तपासणार आणि सोडणार. कोरोनाच्या सालापासून आपल्या काही जणांचा घळीत धूर करून वाघळं हाकलायचा विचार होता, तोही निघाला. त्यावर बाई म्हणाल्या, आत्ता ती सगळी एका घळीत आहेत. धूर केलात की तुमच्या जांभळीवर आणि तुमच्या पत्र्याखाली येतील, मग दुखणं जवळ कोणी आणलं?

मग गणू गुरवाने विचारलं की रोग आलेलाच नाही तर औषध कसलं करता. आत्या, हा प्रश्न मलाही पडला होता, पण मी समन्वयक असल्यामुळे विचारला नव्हता. बाई म्हणाल्या, "मी तुडीलची आहे. आमचं घर सावित्रीच्या काठाला. पूर कोणत्या साली येणार ते नदी सांगत नाही, पण होडी आम्ही मे महिन्यात डांबर लावून ठेवतो. पाणी उंबऱ्याला लागल्यावर सुतार शोधत नाही." एवढंच. माझ्या चार पानांत हे कुठेच नव्हतं. पुढे त्यांनी सांगितलं, या विषाणूंचं घराणं मोठं आहे, भावंडं एकमेकांसारखी दिसत नाहीत, पण घराण्याची एखादी खूण प्रत्येकात असते. ती खूण धरणारं औषध जमलं तर कोणताही भाऊ आला तरी चालेल. येसूबाई लगेच म्हणाली, "म्हंजे उतेकरांचं नाक. कंचा पन उतेकर घ्या, नाकावरनं धरायचा." सगळ्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं, आणि हसू दाबून म्हणाल्या की शास्त्र साधारण तेच आहे. एकमत झालं. (फोनवरच्या सहांपैकी चौघांचंच ऐकू आलं. मी तसंच लिहून ठेवलं आहे.)

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांची माणसं आली आणि मला तो पांढरा पोशाख मिळाला. तो घालून घळीपर्यंत चढणं म्हणजे भट्टीत बसून डोंगर चढण्यासारखं आहे. चष्म्यावर वाफ धरली आणि मला काही दिसेना. वाट पायाखालची आहे या भरवशावर मी चालत राहिलो आणि घळीऐवजी पाण्याच्या टाकीकडे निघालो. तिथे खालच्या आळीतल्या चार बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हात वर करून 'मी आहे, मी आहे' असं ओरडलो. मास्कमधून त्यांना काय ऐकू गेलं असेल ते आता सांगता येत नाही. हंडे तिथेच राहिले. एकीने पळता पळता फोटो काढला, आणि मी टाकीवरून खाली उतरेपर्यंत तो तुमच्या भांडुपला पोचला होता. येसूबाई तेवढी पळाली नाही. जवळ येऊन तिने चष्म्यातून आत, मग मास्कला आलेल्या उंचवट्याकडे बघितलं आणि माझ्या मागे बघून म्हणाली, "मुरारीच हाय गो. नाकावरनं वळखला."

पण घळीच्या तोंडाशी जे पाहिलं ते मला तुला सांगायचं आहेच. दिवेलागणीला वाघळं बाहेर पडतात, त्या वाटेत जाळं लावलेलं. जाळ्यात एक अडकलं की बाई दोन मिनिटांच्या आत ते मोकळं करून कापडी पिशवीत घालायच्या. डोकं झाकायच्या, म्हणजे ते घाबरत नाही. घशात कापसाची काडी फिरवायची, वजन करायचं, पंखाचं हाड मोजायचं, सोडायचं. मी वहीत आकडे लिहीत होतो. एकदा मला ऐंशी पूर्णांक चार ऐकू आलं आणि हर्षदला (त्यांचा तंत्रज्ञ, पोलादपूरचाच, चाळिशीचा, मिशीवाला, रक्तही तोच काढतो) ऐंशी पूर्णांक पाच. मी म्हणालो, पुन्हा मोजू या. हर्षद म्हणाला, "सर, ते उडालं." मी अस्वस्थ झालो. कॉलेजात असं झालं की लोक म्हणतात, मुरारी, काहीतरी एक लिही आणि सोड. बाई म्हणाल्या, "दोन्ही लिहा. कोणाला काय ऐकू आलं तेही लिहा." आत्या, सत्तेचाळीस वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं. (मी शेहेचाळीस पूर्ण आहे, सत्तेचाळिसावं चालू आहे.) तीन संध्याकाळी त्यांनी एकशे अठरा वाघळं धरली आणि एकशे अठरा सोडली. एकाच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं. ते बघताच त्यांनी माप न घेता तसंच सोडलं, आणि वहीत 'माप घेतले नाही' असं लिहायला सांगितलं. कारणही लिहायला सांगितलं.

नमुने बर्फाच्या पेटीत बंद झाले, तेव्हा गावकीची अट आठवली. गावची कोणतीही वस्तू गाव सोडून जाताना देवीपुढे थांबते. ही तर देवीच्या घळीतली. पेटी देवळासमोर ठेवली आणि गणू गुरवाने नारळ घेऊन गाऱ्हाणं घातलं. नेहमीचं गाऱ्हाणं त्याला पाठ आहे, पण वाघळांचं कधी घातलेलं नव्हतं. तो म्हणाला, बाय माझे आये, या पेटीत जो काय रोग असंल, जी काय इडापिडा असंल, ती हितल्या हितं भस्म कर, तिचा मागमूस ठेवू नको. सगळे 'व्हय महाराजा' म्हणाले. मी बाईंकडे पाहिलं. त्या हात जोडून उभ्या होत्या, डोळे मिटलेलेच ठेवून हळूच म्हणाल्या, "गणूमामा, मागमूस गुरुवारपर्यंत राहू दे म्हणाल का? पुण्याला पोचल्यावर बघायचाय तो." गणूने क्षणभर विचार केला. मग पुन्हा नारळ वर धरून म्हणाला, आये, बाईंचं काम होईस्तवर दम धर, पेटी गार ठेव, वाटेत गाडी बंद पडू देऊ नको, आनि मग काय भस्म करायचं ते कर. व्हय महाराजा. गाडी वाटेत बंद पडली नाही. (पंक्चर झाली, पण ते गाऱ्हाण्यात नव्हतं.)

त्यानंतर रक्त. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. घळीजवळ राहणाऱ्या माणसांच्या रक्तात या विषाणूंशी झुंजल्याची काही खूण आहे का, ते बघायचं होतं. त्रेसष्ट जणांनी दिलं. रक्ताआधी चौतीस प्रश्नांचा फॉर्म. विसावा प्रश्न होता, वाघळाने अर्धवट खाल्लेलं फळ आपण कधी खाल्लं आहे का? सगळे एकमेकांकडे बघू लागले, जसं काही चोरीचं विचारलंय. मग येसूबाई म्हणाली, "वाघळानं खाल्लेला पेरू टाकून देतंय कोन? गोड होता म्हनून तर त्यानं धरला." मग सगळ्यांनी 'होय'वर खूण केली, काहींनी दोनदा. हसण्याचा भर ओसरला आणि एकविसावा प्रश्न आला. वटवाघळाचं मांस आपण कधी खाल्लं आहे का? होय, नाही, माहीत नाही. बासष्ट जणांनी एका दमात 'नाही'वर खूण केली आणि दंड पुढे केले.

मला करता येईना. हर्षद सुई घेऊन उभा. म्हणाला, "सर, 'नाही'वर मारा आणि पुढं चला, रांग आहे मागं." मी म्हणालो, नाही कशावरून? तो म्हणाला, मग 'माहीत नाही'वर मारा. पण आत्या, 'माहीत नाही' म्हणणंही खरं नव्हतं. ज्याला शंका नाही त्याने 'माहीत नाही' म्हणावं. ज्याला बरीच वर्षं शंका आहे आणि ज्याने मुद्दाम कोणाला विचारलं नाही, त्याच्यासाठी 'माहीत करून घेतलं नाही' असा चौथा चौकोन हवा होता, आणि तो नव्हता. मी एकविसावा प्रश्न कोरा ठेवला आणि दंड पुढे केला. हर्षदने तीन वेळा शीर शोधली. (ती रागाने शोधली असं मला वाटलं, पण तसं सिद्ध करता येणार नाही.)

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात, शुक्रवारी, डॉ. आम्रपाली स्वतः ग्रंथालयात आल्या. म्हणाल्या, त्रेसष्टांतल्या एकाच रक्तात असं काही सापडलं आहे, जे घळीतल्या वाघळांच्या विषाणूला धरून ठेवतं. नंबर सत्तेचाळीस. मी खुर्चीत बसलो. (आधीच बसलेलो होतो, पण पुन्हा बसल्यासारखं वाटलं.) मी विचारलं, म्हणजे मला तो रोग होऊन गेला? त्या म्हणाल्या, नक्की नाही. मग लशीमुळे असेल? असू शकेल, नक्की नाही. या रक्तातून औषध होईल? त्यातला नेमका धरणारा भाग वेगळा काढता येतो, त्याच्या नकला करता येतात, मग उंदरांवर, मग पुष्कळ वर्षांनी माणसांवर. अशा हजारांतलं एखादं शेवटाला जातं. तीन वेळा तपासणी करून, पुण्याहून इतक्या लांब येऊन ती बाई माझ्यासमोर बसून शांतपणे 'नक्की नाही' म्हणत होती. मला तुझ्याजवळ कबूल करायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले. आजवर मी 'नक्की नाही' म्हणालो की लोक हसले. गावकीत हसले, नोकरीच्या मुलाखतीत हसले, लग्नाच्या बोलणीत तर तुम्हीच सगळे हसलात. आणि इथे एक बाई तेच दोन शब्द घेऊन, जगावर पुढे येणाऱ्या आजाराच्या वाटेवर आधीच जाऊन बसली आहे. ती नुसती कुंपणावर बसलेली नाही. काय नक्की नाही याची तिच्याकडे यादी आहे आणि रोज सकाळी उठून ती त्यातली एक ओळ खोडायला घेते. माझ्या बावीस डायऱ्यांत नुसती यादीच आहे.

त्या दिवशी एसटीत मी खिडकीशी बसलो नाही, उन्हाने रक्ताला काही व्हायला नको म्हणून. घरी येऊन दोन बीट खाल्ले. सारिका म्हणाली, "काय हो, औषधाचं दुकान काढताय की काय अंगात?" मी तिला सांगितलं की हे रक्त आता माझं एकट्याचं नाही. ती म्हणाली, "मग ज्यांचं आहे त्यांना सांगा, सिलिंडर उचलून आत ठेवायचाय." मला गर्व झाला होता, हे खरं आहे. रविवारच्या नोंदीत तसं लिहिलं आहे, आणि खाली 'गर्व अकारण' असंही लिहिलं आहे, कारण फॉर्म अजून कोरा आहे. बाईंनी जाताना तो समोर ठेवला होता. म्हणाल्या, "मुरारीभाऊ, 'माहीत नाही' लिहिलंत तरी नमुना पुढे जाईल. पण मग ही खूण तुमच्यात कुठून आली, हा धागा तिथेच तुटेल. कोरा मात्र जाणार नाही, समितीचा नियम आहे. घाईने काहीतरी लिहू नका. विचारण्यासारखं कोणी असेल तर विचारा."

विचारण्यासारखं कोणी आहे का, याचा मी आठ दिवस विचार केला.

असो. पत्र लांबलं. आंबा यंदा उशिरा आहे. पहिली पेटी सुनीलबरोबर पाठवतो. गुडघ्याला तेल लावत जा आणि जिना उतरताना कठडा सोडू नकोस. घरात सगळ्यांना आमची आठवण सांग, आणि तुझा हात आमच्या डोक्यावर आहे तसाच राहू दे.

तुझा भाचा,
मुरारी

ता. क. : आत्या, आता विचारतो. मी सहा वर्षांचा असताना, पंच्याऐंशीच्या थंडीत, माझा दमा वाढला म्हणून तू मला तुझ्या घरी पाचाडला नेलंस. अकरा दिवस ठेवलंस. एक दिवसाआड मला तिखट रश्शात काहीतरी खायला घालायचीस आणि म्हणायचीस, डोंगरातलं कबुतर आहे, खा, छाती मोकळी होईल. हाडं काडेपेटीतल्या काडीसारखी बारीक होती. त्यांतलं एक हाड फार लांब होतं. कबुतराच्या अंगात एवढं लांब हाड मावतं कुठे, असं मी दोन हजार तीन सालच्या डायरीत लिहिलं आहे आणि पुढे कधी विचारलं नाही. मार्चमध्ये घळीपाशी बाईंनी पंख उघडून एक हाड मोजायला धरलं, आणि आकडा लिहिताना माझा हात थांबला. ते कबुतर होतं का? ते डोंगरातून आणणारे तुझे यजमान, दत्तारामकाका, आता नाहीत. सांगू शकणारी तू एकटीच. पोलिसांचं भय बाळगू नकोस, चाळीस वर्षं झाली, आणि बाई शास्त्रज्ञ आहेत. दमा गेला, तो परत आला नाही, हेही मी विसरलेलो नाही. फक्त एक विनंती. समोरच्याला जे ऐकायला आवडेल तेच सांगायची तुझी रीत आहे, ती या वेळी बाजूला ठेव. यातलं कोणतं उत्तर मला हवं आहे ते मी मुद्दाम पत्रात कुठेही येऊ दिलेलं नाही. (पुन्हा वाचलं तेव्हा ते प्रत्येक पानावर दिसलं. पण आता पुन्हा लिहीत नाही.)

ता. क. २ : पाकीट डकवायच्या आधी डॉ. आम्रपालींना फोन केला आणि शंका सांगितली. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं खूण टिकेल असं मला वाटत नाही, पण 'मला वाटतं' याला पुरावा म्हणत नाहीत. शिवाय शिजवलेल्या मांसातून काही लागत नाही. खरं तर, ज्यांनी ते कच्चं हाताळलं, साफ केलं, चिरलं, त्यांचं रक्त बघायला हवं. तुमच्या आत्या कुठे असतात? मी भांडुप म्हणालो. तेव्हा पुढच्या रविवारी, अकरा तारखेला, सकाळी दहा वाजता हर्षद रक्त घ्यायला तुझ्याकडे येईल, चालेल का? न देण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे, कारण सांगावं लागत नाही, नाही म्हटलंस तर कोणी रागावणार नाही. मी आग्रह करत नाही, आग्रह करायचा नाही असं फॉर्मवर छापलेलं आहे. तसं पाहिलं तर माझ्या रक्ताचं एवढं काही नसेलही, आणि तुझ्या रक्तातच खरं काय ते असेल. हे ऐकून मला थोडं वाईट वाटलं. तसं ते लिहून ठेवलं आहे, तुलाही कळवतो.

ता. क. ३ : शुद्धलेखन बघायला पत्र सारिकाला दिलं होतं. शेवटच्या पानावर आली आणि म्हणाली, "एवढी नऊ पानं कशाला लिहिलीत? वाघूळच होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्यांनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं, दमा परत आला तर काय करायचं ते. मसाला पण सांगितला." मी विचारलं, अठरा वर्षं मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? आणि सांगितलं असतं तर आठ दिवस जेवला नसतात." शेजारी येसूबाई मीठ मागायला आलेली. तिलाही माहीत होतं. तेव्हा विचारायचं असं काही आता उरलेलं नाही. पण ही सगळी ऐकीव माहिती, ती मी फॉर्मवर चढवू शकत नाही. हर्षद येईल त्याच्याजवळ तू एकदा तुझ्या तोंडाने सांग, तो लिहून घेईल आणि खाली सही कर. लांब बाहीचं पोलकं घालू नकोस, आणि त्याआधी काहीतरी खाऊन घे.